सोलापूरच्या उन्हात गार पाण्याची बाटली: आधी झाकण बघा, मग तास

एप्रिल उजाडला की सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि मे संपेपर्यंत खाली यायचं नाव घेत नाही. नेमक्या याच दिवसांत चैत्री वारीसाठी पंढरपूर, स्वामींच्या पुण्यतिथीला अक्कलकोट आणि लग्नसराईसाठी बार्शी-मोहोळ अशी लोकांची ये-जा जोरात असते. दुपारी फलाटावरच्या नळाचं पाणी तोंडात धरवत नाही. एसटीत खिडकीशी ठेवलेली साधी प्लास्टिकची बाटली तासाभरात चहाच्या पाण्यासारखी होते. म्हणून स्टीलची, दोन भिंतींची, गार ठेवणारी बाटली आता घरोघरी दिसते. १ लिटरची बाटली साधारण ७०० ते १,३०० रुपयांना मिळते. नवी पेठेतल्या दुकानात जा किंवा ऑनलाइन बघा, सगळीकडे आधी एकच आकडा पुढे केला जातो: २४ तास गार.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. त्या आकड्यावरून बाटली निवडू नका. झाकण कसं आहे, तोंड किती रुंद आहे आणि आतलं स्टील कोणतं आहे, हे बघून निवडा. एका बाटलीवर १२ तास आणि दुसरीवर २४ तास लिहिलेलं असेल, तरी सोलापूरच्या उन्हात त्यांच्यातला फरक खोक्यावर दिसतो तितका मोठा राहत नाही. झाकण चुकीचं निवडलं, तर मात्र त्याचा त्रास रोज होतो.

२४ तास आपल्याकडे का टिकत नाहीत

अशा बाटलीत एकात एक दोन भिंती असतात आणि मधली हवा काढून टाकलेली असते. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये ही रचना प्रयोगशाळेसाठी केली. तेव्हा ती काचेची होती, आता स्टीलची आहे. मध्ये हवाच नसल्यामुळे उष्णतेला भिंतीतून आत शिरायला फार थोडी वाट उरते. प्रारणाने येणारी उष्णता कमी व्हावी म्हणून चांगल्या बाटल्यांत आतल्या भिंतीवर, पोकळीच्या बाजूने, तांब्याचा पातळ थर किंवा धातूचा पापुद्रा असतो. राहता राहिली ती मान, जिथे दोन्ही भिंती एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि तिच्यावरचं झाकण. बाहेरची बहुतेक उष्णता तिथूनच आत येते. म्हणून बाटलीचा कस मानेवर आणि झाकणावर लागतो, पोटावर नाही.

दुसरी गोष्ट साध्या हिशेबाची आहे. आत येणारी उष्णता बाहेरच्या आणि आतल्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात वाढते. आत ४ अंशांचं पाणी आहे आणि खोली २४ अंशांची आहे, तर फरक २० अंशांचा. तीच बाटली ४४ अंशांच्या दुपारी बिगर एसी बसमध्ये ठेवली की फरक ४० अंशांचा होतो, म्हणजे पाणी दुप्पट वेगाने तापतं. एसी खोलीत २४ तास टिकणारा गारवा अशा बसमध्ये १२ तासांवर येतो. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत तापमान ६० अंशांच्या पुढे जातं, तिथे तो आणखी घटतो. उलट सोलापूर-मुंबई वंदे भारतच्या एसी डब्यात तीच बाटली छापलेल्या तासांच्या बरीच जवळ जाईल. दोष बाटलीचा नसतो, आकडा कोणत्या हवेसाठी आहे हे खोक्यावर ठळक लिहिलेलं नसतं इतकंच.

१ लिटरच्या चांगल्या बाटलीचा अंदाज असा धरा. बाहेर ४२ अंश असताना ४ अंशांचं पाणी काठोकाठ भरलं, तर ६ तासांनी ते १२ अंशांच्या आसपास येतं. पाण्यात बर्फ असेल तर तासाला साधारण २० ग्रॅम बर्फ वितळतो. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, पुढे भरायच्या हिशेबात तो लागणार आहे.

आणखी एक समज इथेच दूर करायला हवा. सारखं झाकण उघडल्याने पाणी तापतं असं सांगितलं जातं. घोटभर पिण्यापुरतं झाकण उघडलं तर जी गरम हवा आत जाते, तिच्यातली उष्णता इतकी थोडी असते की थर्मामीटरलाही कळणार नाही. पाणी तापतं ते पातळी कमी झाल्यामुळे. बाहेरून येणारी उष्णता तितकीच राहते आणि ती घ्यायला पाणी निम्मंच उरतं, म्हणून अर्धी रिकामी बाटली दुप्पट वेगाने तापते. तेव्हा तहान मारून पाणी वाचवत बसू नका. मोकळेपणाने प्या आणि गार पाणी मिळेल तिथे बाटली पुन्हा भरून घ्या.

झाकणाचे प्रकार

बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात आणि चौघांचेही गुणदोष वेगळे आहेत.

पहिला, आट्यांचं साधं बूच आणि वर पेल्यासारखं बाहेरचं झाकण. यात भाग सगळ्यात कमी: एक बूच, एक रबरी वायसर, एक पेला. बूच आतून पोकळ असतं किंवा त्यात फोम भरलेला असतो, त्यामुळे मानेतून येणारी उष्णता चांगली अडते. धुवायला सोपं, बिघडायला काही नाही. अडचण एकच, पिण्यासाठी दोन्ही हात लागतात आणि हलत्या एसटीत पेल्यात ओतताना पाणी सांडतं. बसून प्यायचं असेल, घरच्या चार जणांना वाटून द्यायचं असेल, तर याच्याइतका भरवशाचा प्रकार नाही.

दुसरा, फ्लिप लिड. मिल्टनच्या थर्मोस्टील मालिकेतल्या या नावाच्या बाटल्या सोलापुरात सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. बाहेर पेला, आत बूच, आणि बुचातला एक तुकडा वर उचलला की पाणी ओतता येतं. अख्खं बूच काढावं लागत नाही. बहुतेक घरांसाठी हा मधला मार्ग उत्तम आहे. पण बुचातल्या त्या उघड-मिट तुकड्याखाली वायसर असतो आणि पाण्याचा मार्ग अरुंद असतो. तिथे ताकाचा किंवा सरबताचा थर बसला की वास धरतो. घेताना दुकानदाराला विचारा की बूच हाताने सुटं होतं का. सुटं होत नसेल तर त्या बाटलीत पाण्याशिवाय काही भरायचं नाही, असं ठरवूनच घ्या.

तिसरा प्रकार बटण दाबून उघडणाऱ्या, थेट तोंड लावून प्यायच्या झाकणाचा. एका हाताने उघडतं, म्हणून दुचाकीवाल्यांना आणि गाडी चालवणाऱ्यांना आवडतं. पण यात स्प्रिंग, बिजागरी, कुलपाची कडी आणि दोन-तीन वायसर असतात. अक्कलकोट रोडवरची धूळ त्या बिजागरीत बसली की झाकण पूर्ण मिटत नाही, आणि बॅगेतले कपडे ओले झाल्यावरच ते लक्षात येतं. कुलपाची कडी असलेलंच घ्या. कडी नसेल तर बॅगेत बटण दाबलं जाणं ठरलेलं आहे. पिण्याची चोच झाकणाने पूर्ण झाकली जाते का, हेही बघा. उघडी राहणारी चोच आपल्या रस्त्यांवर चालत नाही.

चौथा, नळीचं म्हणजे स्ट्रॉचं झाकण. दिसायला छान, मुलांना फार आवडतं, पण गारवा टिकवण्यात आणि स्वच्छतेत सगळ्यात मागे. झाकण पातळ असतं, नळी आतून घासायला वेगळा बारीक ब्रश लागतो, आणि बाटली उन्हात तापली की आतल्या हवेच्या दाबाने झाकण उघडताच नळीतून पाणी उडतं. शाळेच्या दप्तरासाठी ठीक आहे. मे महिन्यातल्या लांबच्या प्रवासासाठी हा प्रकार आम्ही सुचवणार नाही.

वायसर कोणत्याही प्रकारात महत्त्वाचा. तो सिलिकॉनचा, मऊ आणि नखाने सहज निघणारा असावा. चिकटवलेला वायसर नको, कारण त्याच्या मागे साचलेलं पाणी कधीच वाळत नाही.

तोंडाची रुंदी

रुंद तोंडाची बाटली धुवायला सोपी, बर्फ टाकायला सोपी, पण मान मोठी म्हणजे उष्णता आत यायची वाटही मोठी. फार अरुंद तोंडात फ्रिजच्या ट्रेमधला बर्फ जात नाही आणि हातोडीने फोडत बसावं लागतं. साधारण साडेचार ते पाच सेंटिमीटरचं तोंड आपल्या कामाला योग्य. ट्रेमधला बर्फाचा खडा त्यातून जातो आणि बाटलीचा ब्रशही तळापर्यंत फिरतो. दुकानात जाताना घरच्या ट्रेचा एक खाचा मोजून जा, प्रश्न मिटला.

स्टील, शिक्का आणि दुकानातली पारख

आतली भिंत ३०४ दर्जाच्या स्टीलची हवी. त्यालाच १८/८ म्हणतात, कारण त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्त बाटल्यांत २०१ दर्जाचं स्टील वापरतात. त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून खारट आणि आंबट पदार्थांपुढे ते लवकर गंजतं. बाहेरची भिंत २०१ ची असली तरी चालेल, आतली नको. काही दुकानांत लोहचुंबक लावून दाखवतात आणि चिकटला नाही म्हणजे अस्सल ३०४ असं सांगतात. ही परीक्षा इथे उपयोगाची नाही. ३०४ आणि २०१ दोन्ही चुंबकाला फारसे दाद देत नाहीत, आणि अस्सल ३०४ सुद्धा ओढून-दाबून घडवलेल्या कडांवर थोडं चिकटू शकतं. त्यापेक्षा बाटलीच्या बुडावर किंवा खोक्यावर दर्जा लिहिलेला आहे का ते वाचा. नुसतं 'स्टेनलेस स्टील' लिहिलं असेल तर विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर दुसरी बघा.

अशा व्हॅक्यूम बाटल्यांसाठी भारतीय मानक आयएस १७५२६ हे आहे. बाटलीवर आयएसआयचा शिक्का, त्याच्या वर हा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असायला हवा. हा परवाना क्रमांक मोबाइलवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही हे समजतं. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम आहे. रस्त्यावरच्या ढिगातून दोनशे रुपयांना मिळणाऱ्या, नावाशी मिळतंजुळतं नाव लावलेल्या बाटल्या इथेच गळतात. त्यांतल्या कित्येक बाटल्यांना दोन भिंती असल्या तरी मध्ये हवा तशीच असते.

बाटली हातात घेतली की आधी ती रिकामी हलवून बघा. आत काही खडखडलं तर बाजूला ठेवा. मग आतून मोबाइलचा टॉर्च मारा. वेल्डची रेघ गुळगुळीत आणि एकसारखी हवी, काळे-तांबूस ठिपके नकोत. बूच लावताना आटे पहिल्याच फेऱ्यात सरळ बसले पाहिजेत. दोनदा तिरके बसले तर प्रवासातही तिरके बसतील आणि गळतील. बाहेरून पोचा असलेली बाटली सवलतीत मिळाली तरी घेऊ नका. पोच्यामुळे बाहेरची भिंत आतल्या भिंतीला टेकली, तर तिथे उष्णतेला थेट पूल मिळतो, मग पोकळी शाबूत असूनही उपयोग नाही.

खरी परीक्षा घरी, बिल खिशात असतानाच करा. सकाळी लवकर करा, कारण दुपारी घरातली प्रत्येक वस्तू हाताला गरम लागते. उकळतं पाणी काठाखाली दोन बोटं जागा ठेवून भरा, झाकण लावा आणि १५ मिनिटं थांबा. शेजारी एक रिकामं स्टीलचं भांडं ठेवा. आता मानेखालची तीन बोटं सोडून बाटलीच्या पोटावर आणि बुडावर हात फिरवा आणि त्या भांड्याशी ताडून बघा. मान कोमट लागणं स्वाभाविक आहे. पोट किंवा बूड कुठेही गरम लागलं तर पोकळी गेलेली आहे, त्याच दिवशी बदलून घ्या. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तेच पाणी ६ तास ठेवून मोजा. १ लिटरच्या चांगल्या बाटलीत ते ७० अंशांच्या वर असायला हवं. गार पाणी भरून बाहेर दव धरतं का बघणं हीही पद्धत आहे, पण आपली उन्हाळ्यातली हवा इतकी कोरडी की दव धरलं तरी पटकन सुकतं आणि फसगत होते. गरम पाण्याची परीक्षाच खात्रीची.

गळती तपासायला बाटली पाण्याने भरून वर्तमानपत्रावर तासभर आडवी आणि मग तासभर उलटी ठेवा. कागदावर ओला डाग उमटला तर वायसर काढून पुन्हा बसवा. तरीही गळली तर झाकणाचा साचा चुकलेला आहे.

भरायची कशी

इथे बहुतेक लोक चांगल्या बाटलीचं मातेरं करतात, म्हणून थोडा हिशेब मांडतो. बर्फ वितळताना भरपूर उष्णता खातो. १०० ग्रॅम बर्फ वितळताना ८०० मिली पाणी १० अंशांनी गार होतं. आता १ लिटरच्या बाटलीत २५० ग्रॅम बर्फ आणि ७०० मिली पाणी घेऊ. पाणी नळाचं किंवा जारचं, २८ अंशांचं असेल, तर ते शून्यापर्यंत आणण्यातच जवळजवळ सगळा बर्फ संपतो. तुम्ही घराबाहेर पडायच्या आत शिल्लक शून्य. हेच पाणी रात्री फ्रिजमध्ये ठेवून ८ अंशांवर आणलं, तर फार तर ७० ग्रॅम बर्फ वितळतो आणि १८० ग्रॅम शिल्लक राहतो. तासाला २० ग्रॅम धरले तर तो ४२ अंशांच्या हवेतही ९ तास पुरतो. सोलापूर ते पुणे बसने साधारण पाच-सहा तास. म्हणजे उतरून घरी पोहोचेपर्यंत बर्फ आवाज करत असेल. रात्री पाणी फ्रिजमध्ये ठेवायचं कष्ट एवढेच, फायदा एवढा.

बाटली आधी गार करून घ्या हा सल्ला मात्र फार महत्त्वाचा नाही. आतली भिंत दीडशे-दोनशे ग्रॅमची असते. ती उन्हात तापलेली असली तरी तिला गार करायला दहा ग्रॅमच्या आसपास बर्फ खर्ची पडतो. एकदा गार पाण्याने विसळून घेतली तरी पुरे. बाटली फ्रिजमध्ये ठेवून आतलं पाणी गार करायचा प्रयत्नही वाया जातो, कारण जी पोकळी उष्णता आत येऊ देत नाही ती बाहेरही जाऊ देत नाही. आणि पाणी भरलेली बाटली फ्रीजरमध्ये कधीही ठेवू नका. पाणी गोठताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं, आतली भिंत फुगते, जोड उकलतो आणि पोकळी कायमची जाते. बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त पुढच्या प्रवासात पाणी तापतं.

बर्फ घरचा वापरा. रस्त्यात घ्यायची वेळ आली तर रंग बघा. खाण्याजोगा नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. निळसर बर्फ बाटलीत टाकायचा नाही, आणि पांढऱ्याबद्दलही तो कशाच्या पाण्याचा आहे हे विचारून घ्या.

घरातल्या मोठ्या माणसांना बर्फाचं पाणी बाधतं, त्यांना माठाचंच लागतं. त्यांच्यासाठी ही बाटली आणखी चांगली चालते, कारण फरक लहान असतो. २६ अंशांचं माठाचं पाणी ४२ अंशांच्या दुपारी ६ तासांनी २९-३० अंशांवर येतं. तोंडाला ते अजूनही माठातल्यासारखंच लागतं. माठाचं पाणी गाळून भरा, म्हणजे तळाची माती बाटलीत जाणार नाही.

पाण्याशिवाय काय भरावं, याबद्दल. लिंबू सरबत त्या दिवसापुरतं चालतं, रात्रभर ठेवू नका. मीठ आणि आंबट एकत्र असलं की चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडू शकतात. ताक सकाळी भरून दुपारपर्यंत संपवा. ते आंबत राहतं, वायू साठतो, आणि बटणाचं झाकण उघडलं की अंगावर उडतं. दूध आणि सोडा नकोच. जलसंजीवनी म्हणजे ओआरएस भरायचं असेल तर आधी एक काम करा: बाटली बुचासकट मावेल इतकं पाणी भरून मापाच्या भांड्यात ओतून बघा. खोक्यावर १,००० मिली लिहिलेलं असलं तरी बूच बसल्यावर थोडं कमी मावू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं २०.५ ग्रॅमचं पाकीट नेमक्या १ लिटरसाठी असतं. ९०० मिलीत ते घातलं तर द्रावण दाट होतं आणि लहान मुलांना ते सोसत नाही. घरी करायचं तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. केलेलं द्रावण २४ तासांनंतर टाकून द्या. बर्फ घालणार असाल तर वितळलेल्या बर्फाचं पाणीही मापात धरा.

कोणत्या प्रवासाला कोणती

एसटीने पंढरपूर, तुळजापूर किंवा अक्कलकोटला एकट्याने जायचं, तर ७५० मिली ते १ लिटरची फ्लिप लिडची बाटली घ्या. रिकामी बाटली अर्ध्या किलोच्या आसपास भरते, भरल्यावर दीड किलो. त्यामुळे खांद्याला अडकवायचा पट्टा किंवा भक्कम कडी असलेली बघा. अक्कलकोटला किंवा तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी १ लिटरची व्हॅक्यूम बाटली नेऊ नये. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर तेवढं वजन खांद्याला काचतं. ५०० मिलीची व्हॅक्यूम बाटली गार घोटांसाठी आणि एक हलकी साधी बाटली वाटेत पुन्हा पुन्हा भरायला, ही जोडी बरी.

दुचाकीवर बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. खाली इंजिन असतं आणि डिकी उन्हातल्या हवेहून जास्त तापते. पाठीवरच्या बॅगेत, शक्यतो पाठीकडच्या बाजूला ठेवा. चारचाकीत डॅशबोर्ड आणि मागची काच या दोन जागा टाळा, सीटखालची सावलीतली जागा उत्तम. गाडीच्या कप होल्डरमध्ये बसवायची असेल तर होल्डरचा व्यास मोजूनच बाटली घ्या. १ लिटरच्या बऱ्याच बाटल्या त्यात शिरत नाहीत. रंग फिकट आणि खरबरीत पावडर कोटिंगचा घ्या. चकचकीत उघडं स्टील उन्हात फार तापतं आणि हातातून निसटतंही.

पाच-सहा जणांचं कुटुंब गाडीने विजापूरला किंवा पुण्याला निघालं असेल, तर प्रत्येकी एक व्हॅक्यूम बाटली घेण्यात अर्थ नाही. फोम भरलेला ५ लिटरचा प्लास्टिकचा पाण्याचा जग घ्या. फोम पोकळीइतका चांगला नसतो, पण पाणी एकत्र जास्त असलं की लिटरमागे आत येणारी उष्णता कमी पडते. १ किलो बर्फ टाकून भरलेला जग दिवसभर पुरतो. तोटीचा वायसर मात्र निघायच्या आधी तपासा, गाडीतली गळती तिथूनच होते. काचेच्या भांड्याचा जुन्या पद्धतीचा थर्मास घरी चहाला ठेवा, प्रवासात नको.

बाटली विकत घेणं जमत नसेल, किंवा बरोबर आणखी पाणी न्यायचं असेल, तर सोलापूरचा जाड टेरी टॉवेल कामाला येतो. टॉवेल भिजवून, पिळून, साध्या बाटलीला घट्ट गुंडाळा आणि खिडकीच्या वाऱ्यात ठेवा. आपली हवा कोरडी असल्यामुळे पाणी भराभर उडून जातं आणि आतलं पाणी २२ ते २४ अंशांपर्यंत येऊ शकतं. पूर्वी गाडीला लटकवलेली कापडी छागल याच तत्त्वावर चालायची. टॉवेल ओला राहिला पाहिजे, एवढीच अट. कोकणात किंवा पावसाळ्यात हा उपाय चालत नाही.

धुणं आणि क्षार

सोलापुरात पाणी रोज येत नाही. मधल्या दिवसांत बोअरचं पाणी वापरलं जातं, आणि त्यातल्या क्षारांचा पांढरट थर बाटलीच्या तळाशी बसतो. त्यावर कधी तांबूस ठिपके दिसतात आणि स्टील गंजलं असं वाटतं. बहुतेक वेळा तो पाण्यातल्या लोहाचा डाग असतो. १ लिटर गरम पाण्यात २ चहाचे चमचे लिंबूसत्त्व घालून बाटली भरा, झाकण न लावता तासभर ठेवा, ब्रश फिरवा आणि दोनदा विसळा. डाग गेला तर स्टील चांगलं आहे. त्याच जागी पुन्हा उमटला आणि बोटाला खड्डा लागला, तर मात्र गंज आहे आणि ती बाटली बदलायची.

वास घालवायला २ चमचे खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून रात्रभर ठेवा. लिंबूसत्त्व आणि सोडा एकत्र घालून झाकण लावू नका, वायूच्या दाबाने बूच उडू शकतं. ब्लीच किंवा क्लोरीनचं दाट द्रावण बाटलीत कधीही नको, त्याने स्टीलला खड्डे पडतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन इतकं थोडं असतं की त्याने काही बिघडत नाही. तारेची घासणी आतून फिरवू नका. बुडाला सिलिकॉनचा बूट घातला असेल तर तो आठवड्यातून एकदा काढून वाळवा, कारण त्याखाली अडकलेलं पाणी बुडाच्या जोडावर गंज आणतं.

वायसर दर दोन-तीन दिवसांनी काढून साबणाने धुवा आणि पूर्ण वाळल्यावर बसवा. बाटली ठेवताना झाकण उघडंच ठेवा. वायसर कडक झाला, चपटा पडला किंवा काळे ठिपके धरले की तो बदलायचा. बाटली घेतानाच दुकानदाराला विचारा की या मॉडेलचा सुटा वायसर आणि सुटं बूच मिळतं का, आणि मिळत असेल तर एक जादा वायसर त्याच वेळी घेऊन ठेवा. सुटे भाग न मिळणारी बाटली कितीही चांगली असली तरी आम्ही ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवू. बिलावर मॉडेलचं नाव आणि तारीख लिहून घ्या. वॉरंटी घेऊन गेलात की पहिला प्रश्न बिलाचाच येतो, आणि पडून पोचा आलेली बाटली बहुतेक ठिकाणी वॉरंटीत बसत नाही.